रिलेवरचा डायोड

सर, आज नाचणे रोडवरच्या एका फ्लॅटमध्ये होम थिएटर बसवून आले. रिसीव्हरच्या मागून अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत एक बारीक वायर ओढली, दोन्हीकडे पिन खुपसली, झालं. रिमोटचं एक बटण दाबलं की त्या वायरीतून बारा व्होल्ट जातात आणि अ‍ॅम्प्लिफायर आपोआप चालू होतो. गिऱ्हाइकानं मान वर करूनही पाहिलं नाही. मी मात्र बघत उभी राहिले. मनात काहीच हललं नाही, आणि तेच खटकलं म्हणून लिहायला बसले.

तुमचं दुकान मिरकरवाड्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर होतं. त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशी साल असेल. रेडिओ-टीव्हीचा कोर्स करून मी तेवीस वर्षांची बाई नोकरी मागत फिरत होते आणि तुम्ही एकट्यानंच माझ्या हातात सोल्डरिंग गन दिलीत. त्याच वर्षी दुकानात खाला आली; सगळा मोहल्ला तिला खालाच म्हणायचा. तिचा मुलगा आखातात होता. त्यानं कॅसेट डेक, अ‍ॅम्प्लिफायर, दोन मोठे स्पीकर असं सगळं पाठवलेलं. खालाला वाचता येत नव्हतं, म्हणून तो पत्रांऐवजी कॅसेटवर बोलून पाठवायचा आणि तीही कॅसेटवरच उत्तर द्यायची. पण संधिवातानं तिची बोटं वाकडी झालेली. डेकचं बटण हलक्या हातानं दाबलं जाई, अ‍ॅम्प्लिफायरचा खटका मात्र तिला ओढवत नसे. "सर, माझी बोटं वळत नाहीत हो. सगळ्याला मिळून एकच बटण करून द्या," ती म्हणाली.

तुम्ही दोन दिवस विचार केलात आणि कॅलेंडरच्या पाठीवर सर्किट काढलंत. डेक चालू झाला की त्यातले बारा व्होल्ट बाहेर काढायचे, त्यावर रिले, म्हणजे विजेनं ओढला जाणारा खटका, ओढायचा आणि रिलेनं अ‍ॅम्प्लिफायरची लाइन जोडायची. रिले सुटताना त्याच्या कॉइलमधून उलटा झटका डेकमध्ये जातो, तो अडवायला कॉइलवर उलटा डायोड. "हे तू कर," म्हणालात. माझं पहिलं स्वतःचं काम. दुकानातले डायोड संपले होते. चार दिवसांनी येतील तेव्हा टाकू, असं मी ठरवलं आणि रिलेची पेटी तशीच बंद केली. खालाकडे निघताना तुम्ही विचारलंत, "डायोड टाकलास ना गो?" मी म्हटलं, "हो."

खालाच्या घरी तिनंच बटण दाबलं. पेटीत टक् झालं, अ‍ॅम्प्लिफायरचा दिवा लागला आणि खोलीभर तिच्या मुलाचा आवाज. खालानं डोक्यावरचा पदर सारखा केला, जणू तो दारातच उभा आहे. आम्हाला चहा दिला, सांदण दिलं. चार दिवसांनी डायोड आले. ते जागच्या जागी ठेवून मी दुसऱ्या कामाला लागले.

दोनेक महिन्यांनी एका सकाळी तिचा निरोप आला. आपण गेलो तर डेक बंद, झाकण उघडत नाही आणि आत कॅसेट अडकलेली. मुलानं विचारलं होतं, इथलं काम जमत नाही, मी परत येऊ का? आदल्या संध्याकाळी खालानं त्याचं उत्तर भरून डेक बंद केला होता. ती कॅसेट घेऊन आखातात निघायचा शेजारी दारात उभा होता, त्याची मुंबईची एसटी सुटायला अर्धा तास. तुम्ही घाईनं स्क्रू काढत होतात. शेजाऱ्यानं दोनदा घड्याळ पाहिलं, मग तो गेला; त्या गडबडीत तोंडी निरोप द्यायचं कुणालाच सुचलं नाही. कॅसेट निघाली तेव्हा एसटी हातखंब्याच्याही पुढे गेली असेल.

मग तुम्ही माझी पेटी उघडलीत. कॉइलवर डायोड नव्हता. एकदा माझ्याकडे पाहिलंत आणि खालाला म्हणालात, "चूक माझी आहे. एक भाग टाकायचा राहिला." खालानं मुलासाठी तुमच्याकडून पत्र लिहून घेतलं, 'तू घरी ये' एवढंच. रस्त्यावर आल्यावर तुम्ही थांबलात. "राहून गेलं, ते समजू शकतो. पण 'हो' का म्हणालीस?" मी अवजारांची पिशवी खांद्याला लावून पुढे चालू लागले. तुम्ही परत कधी विचारलं नाहीत.

पत्र पोहोचायच्या आत खालाचा मुलगा कामावर उंचावरून पडला आणि गेला. शेजारी चौथ्या दिवशी तिथे पोहोचला होता, हा सहाव्या दिवशी पडला. कॅसेट मिळाली असती तर तो त्या दिवशी कामावर चढलाच नसता, असं कुणी सांगू शकत नाही. मी हे स्वतःला इतक्या वेळा सांगितलंय की आता त्यात ना दिलासा उरलाय, ना टोचणी.

तुम्ही गेलात तेव्हा खाला तुमच्या घरी आली होती. माझ्याजवळ बसून म्हणाली, "सर भला माणूस. एकदाच चुकला बिचारा. मी कधी मनात धरलं नाही, बाय." आजूबाजूला तुमची माणसं बसली होती. मी मान हलवली आणि तिच्यासाठी पाणी आणायला उठले.

हे कागद कुठे पाठवायचे नाहीत, कपाटात राहतील. तुम्हाला तर सगळं त्या सकाळीच कळलं होतं, म्हणून तुम्हाला लिहिणं सोपं. खरं तर हे खालाला सांगायचं होतं. तुमच्यामागे ती अकरा वर्षं होती, माझ्या घरापासून दहा मिनिटांच्या वाटेवर.