सवतीची डावी बाजू

४ फेब्रुवारी
आजपासून रोज लिहायचं. कोणाला दाखवायचं नाही. शाळा तिसरीत सुटली, पण अक्षर वळणदार आहे. माझं मीच म्हणते, दुसरं कोण म्हणणार.

आनंदाचं आधी. लेकीचं बाळ आज तीन महिन्यांचं झालं. फोनवर बघितलं. नाक आमच्याकडचं. लेक म्हणते, आई, एवढ्याशा नाकाला कोणाकडचं म्हणायचं. मी म्हटलं, आम्हाला कळतं.

लेक राहते डोंगरावर. जावई तिथल्या हवामान केंद्रात आहेत. डांबरी रस्ता ओढ्यापाशी संपतो, पुढे नुसते दगडधोंडे आणि चढण. साधी गाडी तिथे हात टेकते. चारही चाकांत जोर असलेलीच जाते, आणि तशी आमच्या दारात उभी आहे. ह्यांची जीप. मोजणी खात्यात जन्मभर तीच चालवली आणि रिटायर होताना ऑफिसच्या लिलावात तीच घेऊन आले. मी तिला सवत म्हणते. मला कधी उठून पाण्याचा तांब्या दिला नाही, तिच्या रेडिएटरला मात्र रोज सकाळी पाणी.

ठरलं असं की सवतीला ठाकठीक करायची, ओढ्याला पाणी चढायच्या आत वर जायचं, आणि नातीची पहिली चक्कर आजोबांच्याच जीपमधून. जावई म्हणाले, केंद्राची गाडी पाठवतो. हे म्हणाले, मी काय पार्सल आहे का.

पेन्शनीत बसवायचं आहे. नवीन पार्ट अजिबात नाही. भंगारवाल्याकडे देव सोडून सगळं मिळतं.

९ फेब्रुवारी
सीटला कव्हरं शिवली, बैठकीच्या जुन्या पडद्यांची. फुलाफुलांची. हे म्हणाले, मोजणीची गाडी आहे, वरातीची नाही. बसल्यावर मऊ लागलं तेव्हा गप्प झाले.

क्लच प्लेट झाली. बॅटरी झाली. भंगारातून डावं दार आणलं. सवत खाकी, दार हिरवं. असू दे, ठिगळ कोणाला चुकलंय. जुन्या दारावर पोचे फार झाले होते. हल्ली डावीकडेच का पडतात कोण जाणे. गेटचे खांबच जवळजवळ बांधलेत. ह्यांनी स्वतः उभे राहून बांधून घेतले, तेव्हाच मी सांगत होते, पण माझं ऐकतंय कोण.

१६ फेब्रुवारी, संध्याकाळी
डावा आरसा फुटला. दुसरा आणला. तोही फुटला.

हे म्हणाले, गाडी डावीकडे ओढते. अगदी खरं. मी डावीकडच्या सीटवर बसते, म्हणजे जे येतं ते आधी माझ्या अंगावर येतं. दूधवाल्याची सायकल, कचराकुंडी, आज शेजारणीच्या कुंड्या. शेजारीण कमरेवर हात ठेवून आली. म्हणाली, आजी, आजोबांना म्हणावं जरा बघून चालवा. मी म्हटलं, त्या डोळ्यांनी डोंगरच्या डोंगर मोजलेत, तुझ्या कुंडीचं काय घेऊन बसलीस. ती म्हणाली, डोंगर मोठे असतात, दिसतात.

फार बोलते. तिला दोन रोपं देऊन टाकली, विषय संपला.

जीप मिस्त्रीकडे टाकली. अलाइनमेंट. मिस्त्री म्हणाला, काकू, गाडी दोरीत आहे. मी म्हटलं, पुन्हा बघ. तो म्हणाला, बघतो, पण बघून बघून ती आणखी सरळ व्हायची नाही.

त्याचं मन कामात नाही. मुलगी सासरहून परत आली आहे म्हणे. त्यात तिचा काही दोष नाही, सासूच तशी आहे. पण ते नंतर लिहीन.

२३ फेब्रुवारी
टायर बदलले. म्हणजे डावीकडचे उजवीकडे, उजवीकडचे डावीकडे. काही खर्च नाही. तरी ओढते डावीकडेच. स्टेअरिंगचे जॉइंट भंगारातून आणून बसवले. तरी डावीकडेच.

ह्यांची तब्येत मात्र छान आहे. जेवण कमी केलंय, साखर असलेल्या माणसाला चांगलंच. ताटातली डाव्या अंगाची कोशिंबीर तशीच ठेवतात. आज विचारलं, आवडली नाही का. तर म्हणाले, कोशिंबीर केली होतीस का. वासनाच उरली नाही, साधूपुरुष झालेत. मग ताट उचलताना माझ्या हातून फिरलं, तर म्हणाले, अगं, आहे की कोशिंबीर, आणि सगळी संपवली. माझं मन राखतात. तरुणपणी असं नव्हतं.

२ मार्च
डोकं चालवलं. गाडी डावीकडे जाते ना, मग तिला मुद्दाम थोडी उजवीकडे जाईल अशी सेट करायची. दोन्ही मिळून सरळ. हे म्हणाले, तू शिकली असतीस तर इंजिनिअर झाली असतीस.

मिस्त्री ऐकेना. म्हणाला, काकू, चांगल्या गाडीत बिघाड करायला मी शिकलेलो नाही. मी पाठच सोडली नाही. शेवटी केलं, पण म्हणाला, पुढचं तुमचं तुम्ही बघा.

६ मार्च
मिस्त्री जीप घरी आणताना उजवीकडच्या गटारात गेला. मग हे बसले आणि डावीकडच्या खांबाला घासून आत आले. म्हणजे आता ती दोन्हीकडे जाते. सवतच ती, दोन्ही अंगांनी छळणार.

मिस्त्रीने सेटिंग पूर्वीसारखं करून दिलं. पैसे घेतले नाहीत. हात मात्र जोडले.

८ मार्च
लेकीचा फोन. कधी येताय. मी म्हटलं, सवत नव्वद टक्के तयार आहे. बाळ आता पालथं पडतं. लेक म्हणाली, आई, पहिल्या चक्करेला मी बाळ तुझ्याच मांडीवर देणार, बाबांना म्हणावं हळू, वळणावळणाला डावीकडे दरी आहे. मी म्हटलं, डावीकडे असते का, मला उजवीकडे वाटायची. लेक म्हणाली, फिरून परत येताना उजवीकडे.

म्हणजे परत येताना काळजी नाही.

ह्यांना तो रस्ता तोंडपाठ आहे. त्यांनीच तर मोजलाय. जेवण गेलं नाही मला आज. ऊन फार आहे, म्हणून.

१२ मार्च
आज रंगीत तालीम केली. गचके बसताना बाळ कसं धरायचं, त्याची सवय हवी. लेकीने बाळाचं वजन सांगितलं होतं, तेवढं पीठ पिशवीत तोललं, दुपट्यात गुंडाळलं, मांडीवर घेतलं. ह्यांना फार हसू आलं. पिशवीला म्हणाले, काय बाळाबाई, बसायचं का आजोबांच्या गाडीत. गाणं म्हणत होते. किती दिवसांनी.

गल्लीच्या टोकापर्यंत गेलो. छान गेलो. परत आलो. गेटमधून आत वळताना डावं दार खांबावर गेलं. दार आत आलं, आरशाची काच आत आली, पिशवी फाटली. मला काही झालं नाही. सगळीकडे पीठ. केसांत, तोंडात, फुलांच्या कव्हरवर.

ह्यांनी इंजिन बंद केलं आणि मला विचारलं, इथे खांब होता का.

दुपटं उघडून बघितलं. त्यात काही उरलं नव्हतं.

दार भंगारातलं. पत्रा हलका. त्यामुळे झालं. आज जास्त लिहीत नाही.

१३ मार्च
जीपची किल्ली सापडत नाही. हे सकाळपासून शोधतायत. मीपण शोधतेय, तांदळाचा डबा सोडून सगळीकडे.

लेकीचे फोन आले. उचलले नाहीत. उचलून काय सांगू, नव्वद टक्के.

१५ मार्च
हे दुपारी झोपले तेव्हा किल्ली घेऊन मिस्त्रीला बोलावलं. म्हटलं, तू चालव, मी माझ्या जागेवर बसते. दार दोरीने बांधलं होतं. मोठ्या रस्त्याला लागल्यावर त्याने स्टेअरिंगवरचे दोन्ही हात काढले आणि मांडीवर ठेवले. सवत सरळ गेली. पार पुढच्या चौकापर्यंत, सुतासारखी.

उतरताना म्हटलं, परक्या माणसासमोर नीट वागते ती. तो म्हणाला, हो काकू. फार सावकाश म्हणाला.

१८ मार्च
माझ्या चष्म्याचा नंबर वाढलाय, सोबत चला, असं सांगून ह्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरीणबाई आहेत, आमच्या लेकीएवढ्या. त्यांना हळूच म्हटलं, माझं राहू द्या, ह्यांचं बघा. नाव माझं, डोळे ह्यांचे.

एक मशीन असतं, त्यात हनुवटी टेकवायची आणि दिवा दिसला की बटण दाबायचं. उजवीकडचे सगळे दिवे ह्यांनी टिपले. पटापट, शाबासकी देण्यासारखे. डावीकडचा एकही नाही. उजव्या डोळ्याने नाही, डाव्यानेही नाही.

मी म्हटलं, बाई, तुमचं मशीन डावीकडून बिघडलं असेल. त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, बसा आजी, तुम्ही बघा. मी बसले. मला सगळे दिवे दिसले.

बाई म्हणाल्या, डोळे चांगले आहेत, बिघाड डोळ्यांच्या मागे आहे. मोठ्या दवाखान्यात पाठवलं.

२० मार्च
डोक्याचा फोटो काढला. मोठे डॉक्टर म्हणाले, मागे कधीतरी मेंदूतली एक बारीक रक्तवाहिनी बंद पडली. दुखलं नाही, कळलं नाही. तेव्हापासून डावी अर्धी बाजू दिसतच नाही. काळोख दिसतो असंही नाही, तिथे काही आहे हेच कळत नाही. आता गोळ्या चालू. गेलेलं परत येईल असं धरून चालू नका. गाडी चालवायची नाही, अंगणातसुद्धा नाही.

हे म्हणाले, पण डॉक्टर, गाडी डावीकडे ओढते. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी पर्स आवरायला घेतली.

रिक्षात हे म्हणाले, म्हणजे मिस्त्री बरोबर होता. मी म्हटलं, त्याला काय कळतंय. मग बराच वेळ बाहेर बघत बसले. उजवीकडच्या बाजूने.

घरी आल्यावर किल्ली तांदळाच्या डब्यातून काढली आणि त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी बघितली. म्हणाले, तांदूळ लागलेत. पुसून मलाच परत दिली.

लेकीला फोन केला. सगळं सांगितलं. ती रडली, म्हणून मी नाही रडले. एका फोनवर दोघींनी रडायचं म्हणजे ऐकणार कोण.

२९ मार्च, डोंगरावर
जावई खाली आले आणि सवत त्यांनीच वर आणली. हिरवं दार मिस्त्रीने ठोकून दिलं होतं. ओढ्यात थोडं पाणी होतं, क्लच मस्त, चढणीला चारही चाकं लागली. बॅटरी मस्त. एकही खांब, एकही दगड, काही लागलं नाही. हे जावयांच्या डावीकडे बसले होते, माझ्या जागेवर. दरी त्यांच्या अंगावरून जात होती, पण त्यांना काही नाही. मला मागून सगळी दिसत होती.

लेक बाळाला घेऊन दारात उभी होती. धावत आली, ह्यांच्या डाव्या हाताला. बाळ हसायला लागलं. हे समोर बघत उभे. म्हणाले, कुठे आहे माझी नात.

मी बाळ घेतलं आणि चालत चालत ह्यांच्या उजवीकडे नेलं. मग दिसली. दोघंही हसले. नाक आमच्याकडचं आहे हे ह्यांनीपण मान्य केलं.

संध्याकाळी ठरल्याप्रमाणे नातीची पहिली चक्कर झाली, आजोबांच्या जीपमधून. गाडी जावयांनी चालवली. आम्ही दोघं मागे. इतकी वर्षं ह्यांच्या डाव्या हाताला बसत आले, आज उजव्या हाताला बसले, बाळ मांडीवर. ह्यांनी एका बोटाने तिची मूठ धरली होती.

जावई पुढून म्हणाले, आई, जुनी असून गाडी काय सरळ चालते हो.

मी म्हटलं, हो ना. खूप काम करून घेतलंय तिचं.