बारा बाटल्या

सोमवार, ४ मार्च

आलो एकदाचा लेकीकडे! महिनाभर दवाखान्याच्या भिंती बघून वीट आला होता. लेकीने तिसऱ्या मजल्यावरची खिडकीची खोली दिली आहे. पलंगाशेजारी टेबल, टेबलावर ही नवी वही. पहिल्याच पानावर झोकात सही ठोकली: वळणदार, शेवटी दोन टिंबं. रंगाच्या कारखान्यात तीस वर्षं ही सही बघूनच माल बाहेर पडायचा.

कॅन्सरसकट मूत्राशय काढून टाकलं. आता पोटावर उजवीकडे एक लालबुंद, बटणाएवढं तोंड आहे आणि त्यावर चिकटवलेली पिशवी. लघवी तिच्यात आपोआप जमते. दर तीन तासांनी खालची तोटी उघडून मापात ओतायची आणि आकडा लिहायचा. जावई म्हणाले, आता लांबच्या प्रवासात तुमच्यासाठी गाडी थांबवायला नको. एवढा हसलो की टाके ताणले. महिन्याअखेर लघवीची तपासणी आहे. ती स्वच्छ आली की मी सुटलो.

बुधवार, ६ मार्च

पिशवी बदलायला सकाळी नऊला सिस्टर येते. हात हलका. कोमट पाण्याने कातडी पुसते, कोरडी करते, कात्रीने बरोब्बर मापाचं भोक कापते. मला काका म्हणते. मी म्हटलं, तू आमच्या कारखान्यात असतीस तर तुला मी सुपरवायझर केलं असतं. ती कात्री पुसत राहिली. कारखाना कुठला, एवढंच विचारलं.

शुक्रवार, ८ मार्च

आज सिस्टर आपणहून बोलली. तिच्या वडिलांना हाच आजार होता. रंगाच्या कारखान्यात पिवळ्या टाकीवर होते. तळहात कधी साफ व्हायचे नाहीत, म्हणून सगळे त्यांना पिवळ्या म्हणायचे. कारखाना दरवर्षी लघवी तपासायचा आणि रिपोर्ट दरवर्षी स्वच्छ यायचा. म्हणून लाल दिसलं तरी बाहेरच्या डॉक्टरकडे कुणी गेलं नाही. आजार कळल्यावर चार महिन्यांत गेले.

पिवळ्या माझ्याच खात्यातला. खिडकी लावून घ्यायला सांगितली.

रविवार, १० मार्च

सकाळी पिशवीत पिवळं होतं. लघवीचं नव्हे, टाकीचं. तीस वर्षं पाहिलेला रंग मी चुकणार नाही. लेकीला हाक मारली. ती येईपर्यंत सगळं नेहमीसारखं. इथे काहीतरी पाणी मुरतंय. सिस्टरशिवाय या पिशवीला हात कोण लावतं?

मंगळवार, १२ मार्च

आज निळं. सिस्टरने पिशवी उजेडात धरली आणि म्हणाली, स्वच्छ आहे, काका. ज्या सुरात म्हणाली त्यावरून तिला सगळं ठाऊक आहे.

लिहून टाकतो, वही माझीच आहे. एका वर्षी दोघांचे रिपोर्ट वाईट आले. खातं महिनाभर बंद पडलं आणि मालकांनी मला सगळ्यांदेखत झापलं. पुढच्या वर्षापासून बाटल्या माझ्या केबिनमध्ये यायला लागल्या. बारा माणसांच्या बारा बाटल्या मी मोरीत ओतायचो आणि स्वतःच्या लघवीने भरायचो. तांब्यावर तांबे पाणी पिऊनही दोन दिवस लागायचे. अशी आठ वर्षं. रिपोर्ट आला की खाली लिहायचो, ‘स्वच्छ. पुढील तपासणीची गरज नाही.’ आणि सही. पिवळ्या एकदा दारात येऊन म्हणाला होता, साहेब, लाल जातंय. मी म्हटलं, रिपोर्ट वाच आणि कामाला लाग.

बारातले नऊ गेले, असं ऐकतो. मोजायला गेलो नाही.

गुरुवार, १४ मार्च

माझ्याशी वैर धरते काय! मीही कच्च्या गुरूचा चेला नाही. लेकीचं घड्याळ गुपचूप सिस्टरच्या पर्समध्ये टाकलं आणि लेकीला तपासायला लावलं. सिस्टर रडली नाही, भांडली नाही. जाताना लेकीला एवढंच म्हणाली, काकांची तपासणी चुकवू नका. जिन्यावरून तिची पावलं खाली जाईपर्यंत ऐकली. फार बरं वाटलं.

शनिवार, १६ मार्च

किरमिजी.

सिस्टर नाही. कालची पिशवी लेकीने लावली, माझ्या डोळ्यांसमोर. मग हे —

तळहात निळे झालेत. साबण लावला, घासले, सालटं निघाली. लेक म्हणते, कुठे काय आहे, बाबा?

बुधवार, २० मार्च

काल नारिंगी, आज हिरवा. कारखान्यातल्या टाक्यांच्या ओळीनेच येताहेत. आठ झाले. आणि मापातला आकडा — कितीही पाणी प्या, दर वेळी तोच. एका बाटलीएवढा.

जांघेत गाठ लागते. डावीकडे.

सोमवार, २५ मार्च

बारावा रंग काल झाला. आज लॅबचा माणूस. नमुना माझ्यासमोर घेतला, सील माझ्यासमोर. बाटलीत काळं. सगळे रंग एकात ओतल्यावर होतं तसं. त्याने उजेडात धरली. म्हणाला, छान, स्वच्छ —

गुरुवार, २८ मार्च

रिपोर्ट स्वच्छ. लेक आनंदाने रडली. डॉक्टर फोनवर म्हणाले, आता वर्षभर यायला नको.

गाठ दाखवली. आता सुपारीएवढी. लेक म्हणाली ऑपरेशनच्या टाक्यांमुळे असेल, मनातलं भूत काढून टाका, रिपोर्ट वाचा.

पिशवीत लाल आहे. रंग नाही. रक्त. हे खरं आहे आणि हेच कुणाला —

सिस्टरला फोन केला. घड्याळाचं कबूल केलं. बाटल्यांचंही. म्हटलं, तू तरी ये, बघ. तिने विचारलं, काका, रिपोर्ट काय आला? स्वच्छ, म्हटलं. तिने फोन ठेवला.

शुक्रवार, २९ मार्च

पाठ धरली आहे. बसवत नाही.

रिपोर्ट आज स्वतः वाचला. नाव माझं. तारीख बरोबर. खाली हाताने लिहिलंय — ‘स्वच्छ. पुढील तपासणीची गरज नाही.’

अक्षर ओळखीचं —

लेकीला हाक मारतोय. स्वयंपाकघरातून म्हणते, आता काय, बाबा, सगळं स्वच्छ आहे ना —

त्याखाली सही. वळणदार. शेवटी दोन