नवव्या चिपट्यापासूनची ओळ

माय, कळंबच्या घरातली ती दुपार आज पुन्हा आठवते आहे. दादा बाजारात धान्य मोजणारे मापाडी, म्हणून घरी मापांचा सगळा संच: चिपटं, मापटं, शेर, अधोली, पायली. प्रत्येक माप आधीच्याच्या दुप्पट. शेजारीण ज्वारी उसनी मागायला आली की मोजून द्यायचं काम माझं, आणि तुझा नियम एकच: एका देण्यात कुठलंही माप दोनदा भरायचं नाही. दोन चिपटी द्यायची तर मापटं घ्यायचं, तीन द्यायची तर मापटं आणि चिपटं. मी एकदा आळसानं चिपटंच दोनदा भरलं, तर तू ते हातातून ओढून घेतलंस. दुबार भरलं की बरकत जाते म्हणे. बरकत जाते कुठं, हे तुला विचारायची सोय नव्हती.

मग मी मोजत बसले. एक चिपटं द्यायला किती मापं भरावी लागतात, दोनला किती, तीनला किती. चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं लिहीत गेले: एक, एक, दोन, एक, दोन, दोन, तीन. आठाला एकटी अधोली, म्हणजे पुन्हा एक. आणि नवापासून बघते तर मागचीच ओळ, फक्त प्रत्येक आकडा एकानं वाढलेला: दोन, दोन, तीन, दोन, तीन, तीन, चार. भिंत काळी केली म्हणून आता धपाटा बसणार, असं वाटलं. तू भाकरी थापायची सोडून उठलीस. तुला वाचता येत नव्हतं, म्हणून मी एकेका आकड्यावर बोट ठेवून म्हणून दाखवलं. तव्यावरची भाकरी करपली, तरी तू तिथंच उभी.

"पर असं का व्हतंय गं?"

"उद्या सांगते की."

मला येत नव्हतं. इतक्या मानानं मला कुणी काही विचारलंच नव्हतं, म्हणून फुशारकी मारली. दसऱ्याला तू सगळी भिंत सारवलीस आणि तेवढाच तुकडा सोडलास. पुन्हा विचारलं मात्र नाहीस. पुढं गावोगावच्या जाळपोळीच्या बातम्या येऊ लागल्या, तेव्हा लेकीच्या काळजीनं दादांनी मला निजामाच्या हद्दीबाहेर, बार्शीला मावशीकडं पाठवलं. गाडीपाशी तू फक्त डोईला तेल लावत जा म्हणालीस.

मावशीकडं ज्वारी मोजताना एकदम उमगलं. अधोली भरून बाजूला ठेवली की उरतं ते अधोलीहून कमीच. म्हणजे ते आधी मोजलं तसंच मोजायचं, आणि भरलेली अधोली तेवढी एक जास्तीची. एवढंच होतं गं. कधी एकदा येऊन तुला सांगते असं झालं होतं. त्याआधीच निरोप आला, तू तापानं गेलीस.

पुढं मी धाराशिवच्या शाळेत गणित शिकवलं. माप भरलं तर एक, रिकामं तर शून्य. एवढ्या दोन आकड्यांत हवी ती संख्या लिहिता येते, आणि तुझ्या नियमामुळं ती एकाच रीतीनं लिहिता येते. मुली मान डोलवायच्या, घंटा झाली की निघून जायच्या. आता नोकरी संपली, त्याही नाहीत. एका माणसाची भाकरी थापताना मी अजून तुझ्याशी बोलते, म्हणजे उद्या सांगते एवढंच म्हणते.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, ते राहील इथंच. एक मात्र कबूल करते. उत्तर लिहायला इतकी वर्षं लावली ती विसरले म्हणून नाही. तुला सांगायचं काहीतरी माझ्यापाशी शिल्लक आहे, एवढ्याच आधारावर मी एकटी राहत आले. आज सांगून टाकलं, आणि आता घर सोसवत नाही.