आई, तू घेतलेली माझी मुलाखत

प्रिय आई,

आज तुझ्या माधव नगरच्या कॉलेजात शोकसभा झाली. प्राचार्य हिंदीत म्हणाले, "मॅडम ने जो लिखा, वही जिया." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी पहिल्या रांगेत होते. घरी आल्यावर मात्र राहवेना, म्हणून लिहितेय.

समाजशास्त्रात जन्मभर तू प्रेमात पडलेल्या माणसांच्या मुलाखती घेऊन अभ्यास केलास. कातडीचा रंग बघून कोणाला नकार मिळतो, मुलाला काय माफ असतं आणि मुलीला काय नाही. किती अभिमान होता मला तुझा!

मग मी जोसेफला घरी आणलं. टांझानियाचा, इथे फार्मसी शिकायला आलेला, नानाखेडा भागात खोली घेऊन राहणारा. मी पाठ करून घेतलेलं वाक्य त्याने अडखळत म्हटलं, "आई, नमस्कार करतो." तू हसलीस. पोहे दिलेस, वर शेव घातलीस. मला वाटलं, जमलं!

तो गेल्यावर तू म्हणालीस, "मुलगा चांगला आहे गं. पण तुमच्या लेकरांना इथे कोणी सुखाने जगू देणार नाही. मला माहीत आहे, मी तेच तर लिहिते."

"मग लिहितेस कशाला?"

तू उठून आत गेलीस.

दादाने जर्मनीची मुलगी आणली, तेव्हा तर तू कॉलनीभर पेढे वाटलेस! तिच्या लेकरांची काळजी नाही वाटली? ती गोरी म्हणून? की दादा मुलगा म्हणून?

शिक्षण संपल्यावरही जोसेफ थांबला होता. तुझा होकार आला नाही आणि तुला सोडून जाणं मला जमलं नाही. देवास गेटच्या बसस्टँडवर बसमध्ये चढताना तो एवढंच म्हणाला, "आई का ध्यान रखना." आता त्याचं तिकडे लग्न झालंय.

तुझी केमो चालू असताना एका दुपारी तू रेकॉर्डर माझ्यासमोर ठेवलास. "तुझी मुलाखत राहून गेली," म्हणालीस. मग परक्या बाईला विचारावं तसं विचारलंस, "पहिला नकार कोणाचा होता?"

"माझ्या आईचा."

रेकॉर्डर तू बंद केला नाहीस. "पुढे बोला," म्हणालीस.

मला 'बोला'? त्या एका शब्दाने मला रडू फुटलं, मी उठून गेले. उरलेलं उद्या सांगेन म्हटलं, पण त्याच रात्री तुला ताप चढला आणि त्यातून तू उठलीच नाहीस.

'चुकलं माझं,' एवढं म्हणायला काय झालं होतं गं? की ते असंच, प्रश्न विचारूनच म्हणता येत होतं तुला?

तुझी विद्यार्थिनी कीर्ती हे मुलाखतींचं काम पुरं करणार आहे. मी तिच्यासमोर बसेन, पुढचं सगळं बोलेन. लिहिताना तू सगळ्यांची नावं बदलायचीस ना? मी माझं बदलू देणार नाही. आणि नकार देणाऱ्या त्या आईचंही नाही. हा माझा शब्द.

तुझीच,
मनू