नानांनी युरोपला कळवलेला बिघाड

प्रिय नाना,

रविवारी तुम्हाला जाऊन वर्ष होईल. धुळ्याला, देवपुरात, सुमनताईच्या घरी कार्यक्रम आहे, आणि तुमच्या रेल्वेतल्या निवृत्त मंडळींनी मला फर्मान सोडलंय, "सुधीरभाऊ, जेवणाआधी ती रेडिओची गोष्ट होऊन जाऊ द्या! वर्षश्राद्ध असलं म्हणून काय झालं, नाना हसतमुख माणूस होता." मी सवयीने हो म्हणून बसलो. वीस-पंचवीस वर्षं सांगतोय ती गोष्ट. जामनेरच्या लग्नात सांगितली, भडगावच्या स्नेहसंमेलनात सांगितली, दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडायच्या आधी सांगितली.

काल ताईकडे गेलो, तर तिने चहाच्या आधी तुमच्या रेडिओच्या नोंदींच्या वह्या पुढ्यात ठेवल्या. "गोष्ट सांगायची ना तुला? मग आधी हे वाच." तुमच्या मुलीचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. चहा मला दीड तासाने मिळाला. म्हणून हे पत्र.

आधी ती गोष्ट, मी सांगतो तशी. तुम्ही ती माझ्या तोंडून शेवटपर्यंत कधी ऐकलीच नाहीत. मध्येच पाणी प्यायला उठायचात. मला वाटायचं, लाजताय!

पन्नासच्या दशकातलं दोंडाईचा. स्टेशनवर तुम्ही तारबाबू. दिवसभर यंत्राचं कट्ट-कडकट्ट ऐकायचं आणि त्यातून शब्द वेगळे काढायचे, ही नोकरी. संध्याकाळी घरी येऊन परत रेडिओला कान लावायचा, हा छंद. परदेशातली केंद्रं शोधायची, आवाज किती स्पष्ट आला, खरखर किती होती, याचा रिपोर्ट त्यांना टपालाने पाठवायचा. मग तिकडून रंगीत पोचकार्ड यायचं. पोस्टमन ते अख्ख्या गल्लीला दाखवत दाखवत तुमच्यापर्यंत आणायचा.

एका संध्याकाळी युरोपातलं कुठलंसं केंद्र लागलं. तिकडे नव्या संगीताचा आंतरराष्ट्रीय महोत्सव भरला होता. देशोदेशीच्या हयात संगीतकारांनी नुकत्याच रचलेल्या रचना रेडिओवर ऐकवत होते. चुलीपासून काकू ओरडली, "हाई काय शे? तुमना रेडिओ बिघडी गया!"

तुम्ही म्हणालात, "रेडिओ बरोबर शे. बिघाड तठे शे."

"मंग त्यास्ले सांगा ना! माले काय सांगतस?"

आणि तुम्ही खरंच सांगितलंत! पानभर, इंग्रजीत. चौथ्या मिनिटाला पत्र्यावरून खिळा ओढल्यासारखा आवाज. सातव्या मिनिटाला पियानोच्या पोटात कोणीतरी ठोकत आहे. त्यानंतर सुमारे दोन मिनिटं काहीही नाही. कृपया आपलं यंत्र तपासून घ्यावं. दीड महिन्याने उत्तर आलं, 'आमचं यंत्र उत्तम आहे. आपण ऐकलंत ते संगीतच होतं.'

इथे मी थांबतो. इथे हशा येतो. लोक मांड्यांवर थापा मारतात.

हेच मी माझ्या सदरात लिहिलं तेव्हा साप्ताहिकाच्या संपादकांनी स्वतः फोन केला होता. खान्देशातून युरोपचं संगीत दुरुस्त करायला निघालेला पहिला माणूस, असं तुमचं वर्णन मी केलं होतं. मग काय, तुम्ही कुठल्याही मांडवात शिरलात की कोणीतरी हाक मारायचंच, "काय नाना, आज खरखर लागली का?" तुम्ही हसायचात. तुम्ही हसताय म्हणजे सगळं ठीक आहे, असं मी ठरवून टाकलं. किती सोयीचं असतं नाही, दुसऱ्याच्या हसण्यावर विश्वास ठेवणं?

वहीत ते उत्तर चिकटवलेलं आहे, नाना. ते तिथे संपत नाही. त्यात पुढे लिहिलंय, 'आपण एकही आवाज सोडलेला नाही. त्या संध्याकाळी सभागृहातले बरेच रसिक अर्ध्यातून उठून गेले. आपण मात्र यंत्र बिघडलं आहे असं समजूनही अखेरपर्यंत ऐकत राहिलात. आपला रिपोर्ट आम्ही संगीतकाराला दाखवला. त्याला फार बरं वाटलं.'

मला हे नवीन आहे असं म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं! पण तुम्ही हे मला सांगितलं होतंत. अंगणात खाटेवर बसून, गोष्टीचा खरा भाग आता येतोय अशा आवाजात. मी ते गाळलं. विसरून नाही, समजून उमजून. हशा खिळा आणि पियानोपर्यंतच होता. पुढे गोष्ट गंभीर व्हायची, आणि त्या वयात मला गंभीर माणसांची भीती वाटायची.

त्या उत्तरानंतर तुम्ही दरवर्षी तो महोत्सव शोधून काढून ऐकलात, हे मात्र मला ठाऊक नव्हतं. पानंच्या पानं नोंदी! 'आज आवडलं नाही. परत लागलं तर परत ऐकावं.' खाली दुसऱ्या शाईत, 'परत लागलं. परत आवडलं नाही. पण आता कुठे आवडत नाही ते कळतंय.' असं आमच्यातला एक समीक्षक लिहील तर मी त्याचा सत्कार करीन! आणि एका पानावर, 'यात आपल्या यार्डातल्या रुळाचे सांधे बदलताना होतो तसा आवाज आहे. कोणीतरी लोखंड नीट ऐकलेलं दिसतंय.' हे मी दोनदा वाचलं आणि मग पान उलटलं.

मग आलं माझ्या सदरातल्या त्या लेखाचं कात्रण. चिकटवलेलं, कडा सरळ कापून. खाली तुमच्या अक्षरात, केंद्रांना पाठवायचात तसाच रिपोर्ट. 'आवाज मोठा व स्पष्ट. खरखर नाही. शेवटचा भाग पोचला नाही. पाठवणाऱ्यास कळवलेलं नाही.'

का नाही कळवलंत, नाना? युरोपला कळवता आणि पुतण्याला कळवत नाही? अहो, शेजारच्या खोलीत तर होतो! एक शिवी हासडली असतीत तर पुढच्या अंकात खुलासा छापला असता. तुम्ही तसेच. स्टेशनवर तार चुकली की पंचवीस मैलांवरच्या माणसाला धारेवर धरायचात आणि घरातलं कोणी चुकलं की पाणी प्यायला उठायचात.

त्यानंतर वहीत नोंद नाही. ताई म्हणाली, "तुझा लेख आला त्याच आठवड्यात रेडिओ माळ्यावर गेला. आईने विचारलं, काय झालं? तर म्हणे, आता कान साथ देत नाही."

"खरंच देत नव्हता का गं?" मी विचारलं.

"वेडा आहेस का?" ती म्हणाली. "फाटक वाजलं की कोण आलं ते ओळखायचे, मरेपर्यंत."

तिने एवढंच म्हटलं आणि कप उचलून आत गेली. मला चार शब्द सुनावले असते तर सुटलो असतो. तुमचीच मुलगी.

आज सकाळी मी तसलं संगीत मोबाइलवर शोधलं. आता सगळं मिळतं, खरखरीशिवाय. खरं सांगतो, अकरा मिनिटं टिकलो. मला काही ते सुंदर बिंदर वाटलं नाही, आणि वाटलं असं लिहिलं तर तुम्ही लगेच ओळखाल. पण अकराव्या मिनिटाला बंद करताना लक्षात आलं की उठून गेलेल्या रसिकांत मी जाऊन बसलोय. परत लावलं. आवडलं नाही. कुठे आवडलं नाही ते अजून कळलेलं नाही.

रविवारी मी उभा राहीन, नाना. खिळा येईल, पियानो येईल, हशा येईल. तो मी थांबवणार नाही, कारण ते तुम्हीच आधी हसत सांगितलं होतंत. पण हशा ओसरला की खाली बसणार नाही. ते उत्तर शेवटच्या ओळीपर्यंत वाचीन, आणि मग पंचवीस वर्षं हे कोणी गाळलं तेही सांगेन, नावासकट. मंडळी जेवणासाठी चुळबूळ करतील. कोणी हसणार नाही. तेवढी शांतता मी सोसेन, वचन देतो.

तुमचा,
सुध्या