मंजुरीआधीचं मशिन

३ फेब्रुवारी, सकाळी ९
मोठं काम हाती घेतलं की नोंदी हव्यात, म्हणून ही वही. आमच्या सेवा मंडळाने हॉस्पिटलला दिलेल्या दोन डायलिसिस मशिनपैकी एक बंद पडलंय. सेक्रेटरी या नात्याने ठरवलं : दुरुस्ती-बिरुस्ती नाही. परदेशी फाउंडेशनची ग्रँट मिळवायची आणि चार नवी मशिनं आणायची. नियमांची पुस्तिका प्रिंट केली. चौसष्ट पानं. महिन्याभरात अर्ज गेलाच पाहिजे.

५ फेब्रुवारी
चार पानं वाचली. नियम सोपे आहेत. परदेशातली एक भागीदार संस्था हवी. डोळे दुखले. उरलेलं उद्या.

११ फेब्रुवारी
पुस्तिका राहिली. लेटरहेड मात्र नवं केलं, जुन्याचा निळा फारच मिळमिळीत होता.
दादाकडे जाऊन आलो. माझा थोरला भाऊ त्याच हॉस्पिटलात डायलिसिस घेतो. आता एकाच मशिनवर सगळे पेशंट, त्यामुळे त्याला आठवड्यातून तीनऐवजी दोनदाच बोलावतात. पाय सुजलेत. म्हटलं, दादा, चार मशिनं येतायत. तर म्हणतो, एक चालू झालं तरी पुरे रे. त्याची उडी पहिल्यापासून तेवढीच.

२० फेब्रुवारी
भागीदार मिळाल्या! परदेशातल्या एका संस्थेच्या बाई. त्यांची मेल : पेशंटना विचारलंत का, त्यांना काय हवंय? भाबडी माणसं. पण नियमच आहे, लोकांशी बोलून गरजांची पाहणी करा. चाळीस फॉर्म घरी बसून मीच भरले. तीन वेगळी पेनं वापरली. हात भरून आला. समाजकार्य सोपं नाही.

४ मार्च
डायलिसिसच्या सिस्टर घरी आल्या. टेक्निशियन म्हणतो, फक्त पंप बदलायचाय. बाजारातले एक हार्डवेअर दुकानवाले पंपाचा खर्च देतायत. मशिन मंडळाच्या नावावर, म्हणून माझी सही हवी. त्यांना पान एकतीस उघडून दाखवलं : मंजुरीआधी सुरू केलेल्या कामाला ग्रँट नाही. शिवाय जुनं चालू झालं तर गरज काय दाखवायची? सिस्टर म्हणाल्या, "गरज तिकडे कॉटवर पडलीये, साहेब. येऊन बघा." तोंडाळ बाई. सही केली नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व.

९ मार्च
आणखी एक नियम सापडला : पदाधिकाऱ्यांच्या नातेवाइकांना झुकतं माप नको. आजपासून दादाकडे जाणं बंद. कुणी बोट दाखवायला नको. त्याला फोनवर समजावलं. त्याने फोन ठेवून दिला. पटलं असावं.

१६ मार्च, दुपारी
वहिनींचा फोन. "भाऊजी, ह्यांना चार पावलं टाकली तरी दम लागतोय. एक चक्कर टाका ना." नियम सांगितला. म्हणाल्या, बरं.
प्रकल्पाचं नाव अजून ठरत नाही. 'नवसंजीवन' की 'जीवनधारा'? मंडळात मत घ्यावं लागेल.

२१ मार्च, शुक्रवार
परदेशातल्या बाईंची मेल. बंद मशिनचा फोटो पाहून विचारतात, हे दुरुस्त का होत नाही? पान बत्तीस वाचा, म्हणे. वाचलं. 'अस्तित्वातील उपकरणांच्या दुरुस्तीस वरील नियम लागू नाही.' हे त्यांनी एकतिसावरच छापायला हवं होतं. अशी कशी पुस्तिका काढतात? उद्या मंडळाचं वार्षिक संमेलन, माझं भाषण आहे. सही सोमवारी करीन. दोन दिवसांनी काय होतंय.

२३ मार्च
पहाटे दादा गेला. छातीत पाणी झालं होतं.

२४ मार्च
सही केली.

२ एप्रिल
टेक्निशियन आला. सिस्टरनी मला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. स्टुलावर बसून राहिलो. त्याने मागचं झाकण काढलं, पंप बदलला, झाकण लावलं. मशिन सुरू झालं. एक म्हातारे गृहस्थ कॉटवर येऊन झोपले, त्यांनी बाही वर केली.
वहिनी दादाची शाल न्यायला आल्या होत्या, ती तिथेच राहिली होती. मशिनकडे बघत उभ्या राहिल्या. मग मला विचारलं, "किती वेळ लागला हो, भाऊजी?"
मी म्हटलं, चाळीस मिनिटं.
त्यांनी शालीची घडी घातली. मोडली. पुन्हा घातली.