ताईच्या हातचा लेप

१ फेब्रुवारी, रविवार
पोचले एकदाची! ताईचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट बंद आणि माझ्या बॅगेत निम्मी पुस्तकं. जिना चढताना जीव अर्धा झाला. पण दार उघडताच ताईने असं घट्ट धरलं की सगळा शीण गेला. माझ्याहून बरीच मोठी ती. आई दिवसभर नोकरीवर, त्यामुळे माझी वेणी, माझा डबा, माझी आजारपणं सगळं हिनेच काढलं. आता तिच्याच शहरात मला चष्म्याच्या दुकानात नोकरी लागल्यावर दुसरीकडे राहायचा प्रश्नच नव्हता. खिडकीजवळची खोली तिने मला दिली. मी हुज्जत घातली, पण ताईपुढे कुणाचं काही चाललंय का?
फक्त ती फार उतरलेली दिसली. गाल ओघळलेत, डोळ्यांखाली काळं. चाळिशीत इतकं?

४ फेब्रुवारी, बुधवार
दुकान छान आहे. जिकडे बघावं तिकडे आरसे. मालक गमतीदार, गिऱ्हाईक दारात असतानाच कुठली फ्रेम शोभेल ते सांगून मोकळे. गोल चेहऱ्याला चौकोनी, बसक्या नाकाला रबरी पॅडवाली, असे धडे मला रोज मिळणार आहेत. माझं नाक मात्र त्यांच्या मते चष्म्यासाठीच घडवलंय. लहानपणापासून जाड भिंगांपायी चिडवून घेतलेल्या मला हे ऐकून काय वाटलं म्हणून सांगू!

८ फेब्रुवारी, रविवार
आज माझे लाड. ताईने काचेच्या वाटीत राखाडी माती कालवली. आई तिला दर महिन्याला डबा भरून पाठवते म्हणे. मला कधी दिली नाही, लबाड! चपट्या ब्रशने हनुवटीपासून कपाळापर्यंत लेप. गार वाटलं. सुकेपर्यंत बोलायचं नाही, हसायचं नाही, आणि ताई मुद्दाम आमच्या गणिताच्या बाईंची नक्कल करून दाखवत होती. गंमत म्हणजे तिने लेप धुतला नाही. ओलं फडकं दाबून अख्खा पापुद्राच अलगद उचलला आणि बाथरूममध्ये घेऊन गेली. उरलेलं मी लावते म्हणाली.
गाल असा गुळगुळीत की हात फिरवतच बसले.

१५ फेब्रुवारी, रविवार
दुसरा लेप. कपाळावरचा कांजिण्यांचा व्रण पार गेला! मालकही म्हणाले होते, चेहरा खुललाय. ताईलाही चांगलाच मानवलेला दिसतो. आज जिन्यात शेजारच्या काकूंना आम्ही जुळ्या वाटलो. ताई लाजून लाल झाली. तिला असं खूश बघून किती वर्षं झाली.

२२ फेब्रुवारी, रविवार
आज हनुवटीवरचा तीळ गेला. तो मला आवडायचा. ताई म्हणाली, डागच तो, बरं झालं.
भुवयाही विरळ झाल्यासारख्या वाटतात.

२५ फेब्रुवारी, बुधवार
चष्मा नाकावर ठरत नाही. मालकांनी पॅड बदलले, दांड्या वाकवल्या, पुन्हा बदलले. मग माझ्या नाकाकडे बराच वेळ बघत राहिले. शेवटी म्हणाले, चष्म्याला टेकायला काही राहिलंच नाहीये, डॉक्टरला दाखवा.
फोनही मला ओळखेना. चेहरा समोर धरला की कुलूप तसंच.

१ मार्च, रविवार
मी नको म्हणाले. ताई रडायला लागली. माझ्या हाताखाली वाढलीस, आता माझ्याच हाताची भीती वाटते का, असं विचारलं तिने. विरघळले मी. बसले लेप लावून.
नंतर बाथरूमचं दार किलकिलं होतं. ताई माझा उतरवलेला पापुद्रा स्वतःच्या तोंडावर चढवत होती, दोन्ही तळव्यांनी दाबून दाबून. वळली तेव्हा तिच्या हनुवटीवर तीळ होता.
माझा तीळ.

३ मार्च, मंगळवार
काल तापाने पडून होते. आज दुकानात गेले. माझ्या काउंटरवर ताई बसली होती. सकाळपासून सापडत नसलेला माझा चष्मा तिच्या नाकावर नीट बसला होता. मालकांनी तिला विचारलं, या कोण?
तिने माझ्याकडे न बघता सांगितलं, “मोठी बहीण. बरं नसतं तिला, मनावर घेऊ नका.”
मी ओरडून सांगितलं, धाकटी मी आहे, नोकरी माझी आहे. मालकांनी दंड धरून मला आदराने बाहेर सोडलं. बाहेरच्या काचेत बघितलं — मळलेल्या कणकेसारखं काहीतरी —

४ मार्च, बुधवार
आईला फोन केला. माझा आवाज ऐकून ती रडली. उद्या येते म्हणाली. आवाज तरी माझाच आहे. आई ओळखेल. आई येईपर्यंत तग धरायचा.

५ मार्च, गुरुवार
आई आली. मला जवळ घेतलं. तोंडावरून हात फिरवला, मुके घेतले. ओळखलं तिने! मी सगळं सांगितलं, ताईसमोर सांगितलं.
आईने ऐकून घेतलं. मग पिशवीतून मातीचा डबा काढला.
“तिचं सगळं तरुणपण तुला वाढवण्यात गेलं गं. थोडं परत दिलंस तर काय बिघडलं?”
थोडं, म्हणाली. थोडं.

६ मार्च
दाराला बाहेरून कडी. खिडकीतून हाका मारल्या. शेजारच्या काकूंनी त्यांच्या खिडकीतून बघून पडदा ओढून घेतला. पळाले तरी सांगणार कुणाला, आणि कुठल्या तोंडाने —

७ मार्च
रविवारपर्यंतही थांबल्या नाहीत दोघी. ओठांवर लावला. आईने स्वतः कालवला. ताईने हात धरले.
आता तोंड उघडत नाही. नळीने पाणी पाजते आई. पाजताना मला ताईच्या नावाने हाक मारते. प्रेमाने मारते. तेच सहन होत नाही —

८ मार्च
वाटीत चमचा फिरतोय. दोघी हसतायत आत. आज डोळ्यांवर
आई आलीय. वही ठेव म्हणते, बाळा म्हणते, दुखणार नाही म्हण—
कुणी वाचलं तर. ती नाही. मी. धाकटी मी आहे. धाकटी मी आ